हैदराबादचे दप्तर आणि आपली घराणी

दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले, म्हणजे आपल्या समाजातील घराघरांतून कागदांची शोधाशोध सुरू होते. माळ्यावरच्या लोखंडी पेट्या खाली येतात, देव्हाऱ्यामागची पिशवी झटकली जाते, आणि मुलाच्या किंवा मुलीच्या प्रवेशासाठी आजोबांच्या, पणजोबांच्या नावाचा एखादा पुरावा मिळतो काय, याची चिंता वडीलधाऱ्यांना लागते. जात पडताळणीचा कायदा २००१ साली अमलात आल्यापासून ही चिंता वार्षिक झाली आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या पूर्वीचा पुरावा विचारला जातो, हे आता आपल्याकडील शेतमजुरालाही पाठ झाले आहे. परंतु तो पुरावा कोणत्या राज्यात, कोणत्या लिपीत आणि कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न इतिहासाचा आहे. कार्यालयातील लेखनिकाला तो विचारून उपयोग नाही. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा मंडळाच्या कार्यकारिणीचा आग्रह झाला तेव्हा याच प्रश्नाविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. चाळीस वर्षे खडू हाती धरलेल्या माणसाला समजावून सांगण्याची खोड असतेच. वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

गोरेगाव आज हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यात आहे. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. तत्पूर्वी आपण परभणी जिल्ह्यात होतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याआधी साडेतीन वर्षे आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात होतो, आणि १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात. म्हणजे आजोबांनी घर सोडले नाही, शेत विकले नाही, तरी त्यांचा मुलूख तीनदा बदलला. त्याहून मागे गेले तर १७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याची लढाई झाली. हे गाव बुलढाणा जिल्ह्यात, आपल्यापासून फार दूर नाही. तेथे निजाम-उल्-मुल्क आसफजाहाने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत स्वतःची सत्ता पक्की केली. तेव्हापासून सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षांच्या आसपास, आपल्या भागाचा मोठा कागद हैदराबादच्या दिशेने वाहत राहिला.

मध्येच १८५३ साली एक गोष्ट घडली. कंटिंजंट फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने ते कायमच्या पट्ट्याने घेतले. (ज्या फौजेपायी हे झाले तिची एक छावणी आपल्या हिंगोलीतच होती.) पैनगंगेच्या खोऱ्यातून राज्यांची सीमा गेली. आपल्या सोयरिकी मात्र रिसोड, वाशीम, मेहकर येथे पूर्वीपासून होत्या, त्या तशाच राहिल्या. लेक पलीकडे, माहेर अलीकडे. पलीकडच्या मुलखात इंग्रजी अमलातली कोतवाल बुके, जन्ममृत्यूची नोंदपुस्तके व शाळांची दाखलखारिज पुस्तके मराठीत वा मोडीत लिहिली जात होती. अलीकडे मात्र १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली आणि तहसिलीपासून वरचा सारा व्यवहार उर्दूत चालू लागला. एकाच कुळाच्या दोन शाखांपैकी रिसोडकडच्या शाखेचा दाखला आठ दिवसांत निघतो आणि गोरेगावच्या शाखेला तीन वर्षे हेलपाटे पडतात, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. पलीकडचा भाऊ लबाड आणि अलीकडचा अडाणी, असा अर्थ कोणी काढू नये.

आता हैदराबादच्या दप्तराविषयी. हैदराबाद शहरात तारनाका भागात तेलंगण राज्याचे पुराभिलेखागार आहे. जुन्या दफ्तर-इ-दिवाणी, माल, मुल्की इत्यादी कचेऱ्यांचे कागद कालांतराने एकत्र येऊन हा संग्रह झाला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा माणसे व जमीन इकडे आली, मुख्य दप्तर मात्र तेथेच राहिले. त्यात शहाजहान व औरंगजेब यांच्या कारकिर्दीतील दख्खन सुभ्यांचे सुमारे दीड लाख कागद आहेत. डॉ. युसुफ हुसेन खान यांनी त्यांतील निवडक कागद १९५० व १९५८ साली ग्रंथरूपाने छापले. मराठी वाचकांना या फारसी जगाची ओळख करून देणारे थोर गृहस्थ म्हणजे सेतुमाधवराव पगडी. ते मराठवाड्यातील निलंग्याचे, हैदराबाद संस्थानात अधिकारी होते आणि फारसी व उर्दू त्यांना मातृभाषेसारखी अवगत होती. मोगल दरबाराची बातमीपत्रे त्यांनी मराठीत आणली नसती तर आपल्याकडील कित्येक अभ्यासकांना ती बंद कुलपासारखीच राहिली असती.

या दीड लाख कागदांतील एक प्रकार फार मनोरंजक आहे. त्याला ‘अर्ज-ओ-चेहरा’ म्हणतात. फौजेत घेतलेल्या स्वाराचे नाव, बापाचे नाव, कूळ आणि त्यापुढे त्याच्या मुद्रेचे वर्णन त्यात असे: रंग गव्हाळ की सावळा, भुवया जुळलेल्या की मोकळ्या, गालावर तीळ, कपाळावर जखमेचा वण. घोड्याचेही तसेच. एकाच्या जागी दुसरा स्वार उभा करून पगार उचलू नये, यासाठी ही तजवीज. ज्या काळी छायाचित्र नव्हते त्या काळी सरकारने माणसाचा चेहरा असा शब्दांत उतरवून घेतला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या सामान्य शिपायाचा तीळ कोणत्या गालावर होता हे आज सांगता येते. आपल्या स्वतःच्या पणजोबांचा रंग कसा होता हे मात्र घरात कोणाला ठाऊक नसते!

पूर्वी हे दप्तर पाहावयाचे म्हणजे हैदराबादला जावे लागे. हिंगोलीहून गाडी, तेथे मुक्काम, परवानगीचा अर्ज, शिफारसपत्र, मग सूचीतून क्रमांक शोधून चिठ्ठी देणे, आणि शिपायाने बस्ता आणून ठेवीपर्यंत वाट पाहणे. बस्त्याची गाठ सुटली की आतील कागद वाळवीने खाल्लेला निघे, किंवा तो उर्दूत असल्याने पाहणारा नुसता शिक्के पाहून परत फिरे. आपल्या गावचा शेतकरी एवढे करील ही अपेक्षाच चुकीची होती. म्हणून ‘हैदराबादला सगळे कागद आहेत’ हे वाक्य आपल्याकडे दोन पिढ्या केवळ दंतकथेसारखे ऐकू येत राहिले.

गेल्या दहा-बारा वर्षांत परिस्थिती पालटली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने, ज्याची स्थापना ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास झाली, आपल्या एकशे पंचविसाव्या स्थापनादिनी, म्हणजे ११ मार्च २०१५ रोजी, ‘अभिलेख पटल’ नावाचे संकेतस्थळ खुले केले. हैदराबाद येथील इंग्रज रेसिडेंटाच्या कचेरीचे कागद या राष्ट्रीय संग्रहाचा भाग आहेत. नाव नोंदविले की सूची चाळता येते आणि ज्या फायलींची छायाप्रत तयार आहे ती घरबसल्या वाचता येते. मुंबईचे पुराभिलेखागार तर १८२१ पासूनचे. त्याच्या शाखा पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, आणि तेथील कोट्यवधी कागदांचे संगणकीकरण टप्प्याटप्प्याने चालू आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातून रियासतकार गो. स. सरदेसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचेचाळीस खंड काढले, तेही त्या सागरातील ओंजळभर. महाराष्ट्राचे जिल्हा गॅझेटियर आणि निजाम राज्याच्या खानेसुमारीचे जुने अहवालही आता संगणकावर उघडतात.

गॅझेटियरविषयी एक खुलासा येथेच करून ठेवतो, कारण यासंबंधी आपल्या लोकांत फार गोंधळ आहे. हैदराबाद गॅझेटियरमध्ये आपल्या पणजोबांचे नाव सापडेल अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते. गॅझेटियरात किंवा खानेसुमारीच्या अहवालात आकडे असतात. अमक्या जिल्ह्यात अमक्या जातीचे इतके पुरुष, इतक्या स्त्रिया. व्यक्तीचे नाव त्यात नसते. गावाचा वा मुलखाचा सामाजिक इतिहास सिद्ध करण्यास तो ग्रंथ उपयोगी आहे; घराण्याचा धागा जोडण्यास गावदप्तरच हवे. पाया गॅझेटियरचा आणि भिंत गावदप्तराची, असे फार तर म्हणता येईल. पाया दाखवून कोणी घर विकत देत असेल तर सावध राहावे. दोन-पाच हजार रुपये घेऊन ‘हैदराबादहून तुमचे नाव काढून आणतो’ असे सांगणारे लोक गावोगाव फिरू लागले आहेत.

गावदप्तर म्हणजे काय? शाळेचे दाखलखारिज पुस्तक, गाव नमुना चौदा म्हणजे जन्ममृत्यूचे रजिस्टर, शेतवार, फैसल पट्टी, वसुलीची पुस्तके, इनाम असल्यास मुंतखब, आणि मराठवाड्यात सर्वांच्या तोंडी असलेले १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक. यांतील काही मराठीत, काही मोडीत, पुष्कळसे उर्दूत आहे. गावपातळीवर कुळकर्णी मोडीत लिहीत असे. तोच मजकूर तहसिलीत गेला की उर्दू होई. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. समिती हैदराबादलाही जाऊन आली. जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी व उर्दू जाणणारी माणसे शोधून कामाला लावण्यात आली, आणि सापडलेल्या नोंदींच्या छायाप्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर विचारात घेण्याची कार्यपद्धती ठरविली. त्या आंदोलनाच्या बऱ्यावाईट बाजूत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. समाजासमाजांत त्याविषयी मतभेद आहेत आणि प्रकरणे न्यायालयांपुढे आहेत. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे नमूद केलेच पाहिजे की, मराठवाड्याचे गावदप्तर एवढ्या मोठ्या प्रमाणावर उघडून पाहिले जाण्याचा प्रसंग १९४८ नंतर दुसरा आल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. इतिहास संशोधकांच्या विनंतीने जे झाले नाही ते आरक्षणाच्या मागणीने झाले.

मात्र त्यात एक उणीव राहून गेली, ती मला बोचते. पानापानांतून एकच शब्द शोधला गेला. ज्या पानावर तो सापडला त्याची छायाप्रत झाली, ज्यावर सापडला नाही ते पान पुन्हा बस्त्यात गेले. वस्तुतः त्याच पानांवर विहिरींची संख्या आहे, पडीक जमीन आहे, कोण गाव सोडून गेला आणि कोण बाहेरून येऊन राहिला, याची नोंद आहे, आणि शेजारच्या रकान्यात सुताराची, कुंभाराची, हटकराची, आंधाची, महाराची नावे आहेत. एका जातीसाठी उघडलेले पुस्तक दुसरीसाठी पुन्हा उघडावे लागणार, तिसरीसाठी पुन्हा. आणि प्रत्येक वेळी त्या जीर्ण पानाची एक कड तुटणार. एकदाच सबंध पुस्तकाचे छायाचित्रण करून गाववार ठेवले असते तर सर्वांचेच भले झाले असते. अजूनही वेळ गेलेली नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा कायदा आहे. त्याच्या आधारे ग्रामपंचायतींनी ठराव करून मागणी करण्यास काय हरकत आहे?

आता लिपीचा प्रश्न, कारण खरी अडचण तेथेच आहे. छायाप्रत भ्रमणध्वनीवर आली म्हणजे वाचता आली असे नव्हे. निजामी दप्तरातील उर्दू घाईच्या शिकस्ता वळणाची असते. नुक्ते, म्हणजे अक्षरावरचे व अक्षराखालचे ठिपके, लेखक पुष्कळदा गाळून टाकतो. शब्दाच्या मध्ये ब, प, त, न आणि य यांचे अंग सारखेच. ठिपके गेले की कोणते अक्षर हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उर्दूत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ नाही. ‘काळे’ लिहावयाचे तर ‘काले’ होते, ‘कांबळे’चे ‘कांबले’ होते, ‘चव्हाण’चे ‘चव्हान’. मोडीची अडचण निराळी. तेथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि अक्षरे एकमेकांत गुंतलेली.

या ‘ळ’पायी एका कुटुंबावर काय प्रसंग आला तो सांगतो. आमच्या नात्यातील एका मुलीला वैद्यकीय शाखेकडे जावयाचे होते. पणजोबांच्या नावाचा फसली १३४८ सालचा उर्दू उतारा मिळाला, त्याचे भाषांतरही अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेतले. भाषांतरकाराने प्रामाणिकपणे जसे दिसले तसे लिहिले, म्हणजे आडनावात ‘ल’ लिहिला. शाळेच्या दाखल्यावर ‘ळ’. तेथील एका कार्यालयाने शेरा मारला की दोन आडनावे भिन्न असल्याने नातेसंबंध सिद्ध होत नाही. मुलीचा बाप तो कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हाताला कंप सुटला होता. प्रवेशाची मुदत संपण्यास नऊ दिवस उरले होते. मी हिंगोलीतील एका वृद्ध उर्दू शिक्षकांकडे त्याला घेऊन गेलो. त्या मौलवीसाहेबांनी चष्मा पुसून तो कागद खिडकीशी धरला, आणि मग आपल्या हाताने दोन पानांचे निवेदन लिहून दिले: उर्दू वर्णमालेत ‘ळ’ हा वर्णच नाही, मराठीतील प्रत्येक ‘ळ’ त्या दप्तरात ‘लाम’ने लिहिला जातो, आणि त्याच पानावर गावातील आणखी चार सर्वपरिचित आडनावे तशीच लिहिलेली आहेत, ती अमुक अमुक. शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला. एकच ओळ कापून आणलेली असती तर तो मांडता आला नसता. सबंध पानाची प्रत होती म्हणून मांडता आला. मौलवीसाहेबांनी एक पैसाही घेतला नाही. मुलगी आज तिसऱ्या वर्षात आहे.

फसली सन हा दुसरा अडथळा. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीस सुरू होत असल्याने १३४८ फसली म्हणजे १९३८-३९. महिने इराणी नावांचे: आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. पोलीस कारवाई झाली ती १३ ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे १३५७ फसलीच्या अखेरच्या आबान महिन्यात. आमच्या वडिलांचे प्राथमिक शिक्षण उर्दूतून झाले होते. त्यांना ही बारा नावे चैत्र-वैशाखासारखी तोंडपाठ होती आणि जन्मतारीख विचारली की ते ‘तीर महिन्याची बारा’ असे सांगत. ज्यांना १३४८ हा हिजरी सन वाटतो त्यांचा हिशेब जवळजवळ दहा वर्षांनी चुकतो, आणि पडताळणीत दहा वर्षांची चूक म्हणजे सर्वच गेले.

छायाचित्रांकडे वळू. निजामाच्या मुलखाची जुनी छायाचित्रे म्हटले की राजा दीनदयाळ यांचे नाव प्रथम येते. मीरतजवळच्या सरधन्याचे हे गृहस्थ (१८४४-१९०५) आधी इंदुरास बांधकाम खात्यात होते. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या काचेच्या मूळ प्रतींचा मोठा साठा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आला. नवाब, हत्ती, शिकारी, महाल, मेजवान्या हा त्यांचा नेहमीचा विषय. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादच्या बाजूस निघालेल्या दुष्काळी कामांचीही छायाचित्रे त्यांच्या नावावर आहेत आणि ती आज कोणालाही पाहता येतात. माती धोपटणारी माणसे, खडी फोडणाऱ्या बाया, रांगेत बसविलेली मुले. आपल्याकडे म्हातारी माणसे ‘छपन्नचा काळ’ म्हणत तो हाच, विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा. माझ्या आजीने तो तिच्या सासूच्या तोंडून ऐकला होता. त्या चित्रांतील एकाही मजुराचे नाव कोठे लिहिलेले नाही. नवाबांची नावे मात्र पदव्यांसह आहेत.

इंग्रजांनी काढलेल्या चित्रांचा दृष्टिकोन आणखी वेगळा. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. त्यांत हिंदुस्थानातील जातीजमातींची शेकडो छायाचित्रे आहेत. मुंबईतील जातींचे असेच एक पुस्तक विल्यम जॉन्सन याने त्याआधी काढले होते. दोन्ही आता संगणकावर फुकट पाहावयास मिळतात. आपल्या तरुण मंडळींनी ही चित्रे अवश्य पाहावीत, पण त्यांखालचा मजकूर वेदवाक्य समजू नये. फुलपाखरे टाचणीला लावून ठेवावीत तशी माणसे तेथे मांडलेली आहेत, आणि कोणत्या जातीचा स्वभाव कसा हे साहेबाने दोन ओळींत ठरवून टाकले आहे. १९२० साली सय्यद सिराज-उल-हसन यांनी निजाम राज्यातील जातीजमातींवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तोही असाच उपलब्ध आहे. तो अधिक जाणकार आहे, तरी त्यातील उत्पत्तीच्या कथा ऐकीव आहेत. आपल्या समाजाच्या सभांत त्या कथा पुराव्यादाखल वाचून दाखविण्याची प्रथा बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जवळचे चित्र पाहावयाचे तर औंढा नागनाथाचे. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी दख्खनमधील मध्ययुगीन देवळांचा अभ्यास केला. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात औंढ्याच्या देवळाचे वर्णन आहे. शाळेची सहल दरवर्षी औंढ्याला जाई, आणि मुलांना भिंतीवरील शिल्पे दाखविताना मला त्या ग्रंथाची फार मदत झाली.

संगणकावर सर्व आले म्हणजे ते चिरंजीव झाले, असेही कोणी समजू नये. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीसारख्या बलाढ्य संस्थेवर ऑक्टोबर २०२३ मध्ये चोरांनी संगणकीय हल्ला केला आणि तिच्या कित्येक सेवा महिनोन् महिने बंद पडल्या. ज्या अभ्यासकांनी आवश्यक ती पाने उतरवून घेतली होती त्यांचे काम चालले, बाकीचे बसून राहिले. आपल्याकडेही संकेतस्थळाची रचना बदलली की काल दिसलेली यादी आज दिसत नाही, हा अनुभव पुष्कळांना आहे. म्हणून नोंद सापडताच सबंध पान उतरवून घ्यावे, त्यावर गाव, तालुका, पुस्तकाचे नाव, पान क्रमांक आणि पाहिल्याची तारीख लिहावी, कागदावर छापून पेटीत ठेवावे, आणि मूळ कचेरीतून प्रमाणित प्रत काढावी. संकेतस्थळावरील छायाप्रत वाट दाखविते. समितीपुढे प्रमाणित प्रतच उपयोगी पडते.

सरकारी दप्तराबाहेरही एक मोठा ठेवा आहे. तीर्थोपाध्यायांच्या वह्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे चित्रण अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी संस्थेने पुष्कळ वर्षांपूर्वी करून ठेवले आहे आणि त्यांतील पुष्कळ भाग तिच्या संकेतस्थळावर आहे. सात समुद्रांपलीकडच्या लोकांना आपल्या पूर्वजांच्या अस्थिविसर्जनाच्या नोंदी मोलाच्या वाटल्या! आपल्या समाजातील जी घराणी त्र्यंबकेश्वरी किंवा पैठणास जात, त्यांनी आपल्या उपाध्यायांकडे जाऊन वही पाहावी. तेथे आजोबा स्वतःच्या हाताने सही करून गेलेले असतात. निरक्षर असतील तर अंगठा किंवा नांगराची निशाणी असते. स्त्रियांची नावे सरकारी दप्तरात क्वचित, पण या वह्यांत आई, आजी, कधी सासूही सापडते. भाटांच्या पोथ्यांतील वंशावळी ऐकावयास गोड, पण त्यांत चार पिढ्यांपलीकडे सगळेच सूर्यवंशी होतात. त्या जपून वापराव्यात.

मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेत सुचविल्याप्रमाणे गाववार कागदांची एक नोंदवही करण्याचे काम सुरू झाले आहे. आतापर्यंत सतरा घरांनी आपले कागद दाखविले. त्यांत शेतसाऱ्याच्या उर्दू पावत्या आहेत, एक मोडी कर्जरोखा आहे, आणि १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भयाने पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलेल्या एका कुटुंबाने तेथील शाळेत मुलाचे नाव घातले त्याचा दाखला आहे. त्या दाखल्यावर गावाचे नाव ‘गोरेगाव, मोगलाई’ असे लिहिले आहे. त्या घरातील नातवाला हा दाखला निरुपयोगी वाटत होता, कारण तो पलीकडच्या जिल्ह्यातला; वस्तुतः १९५० पूर्वीचा त्या घराण्याचा तोच एकमेव मराठी पुरावा आहे आणि त्यात जातीचा रकाना भरलेला आहे. तेव्हा परजिल्ह्यातील म्हणून कोणताही कागद बाजूला टाकू नये. मूळ कागद कोणीही आमच्या स्वाधीन करू नये. भ्रमणध्वनीवर दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून द्यावे, कारण जुन्या कागदाच्या पाठीवर पुष्कळदा पुढच्याहून अधिक लिहिलेले असते. उर्दू वाचनासाठी मौलवीसाहेबांनी दर शुक्रवारी नमाजानंतर दोन तास देण्याचे कबूल केले आहे. मोडीसाठी पुराभिलेख खात्याच्या प्रशिक्षण वर्गास आपल्यातील दोन मुलींनी नावे दिली आहेत.